डेटाबेस काढला, तरी तो होताच

नानांचा फोन संध्याकाळी सहा-पस्तीसला आला. "अगं, आपली साइट मेलीय. लोक मला विचारतायत, आज कोण बोलणार म्हणून."

आमच्या गावच्या वाचनालयाची वसंत व्याख्यानमाला दर एप्रिलमध्ये असते, बारा दिवस. नाना तिथले कार्यवाह. साइट मी केलेली, २०२२ च्या सुरुवातीला, हौसेनं आणि फुकट. ऑफिसात दिवसभर लाराव्हेलच लिहिते (वेबसाइट बांधायचा पीएचपी भाषेतला तयार सांगाडा), म्हणून हीही लाराव्हेलमध्येच. तेव्हा आठवी आवृत्ती चालू होती. सोबत मायएसक्यूएल हा डेटाबेस, कारण तेव्हा दुसरं काही डोक्यात आलंच नाही. पोळी म्हटलं की तवा, तसं.

२०२४ च्या त्या संध्याकाळी नानांनी सहा वाजता साइटची लिंक गावातल्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर टाकली आणि गाव एकदम आत शिरलं. लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, उघडला तर १२०३ क्रमांकाची एरर ओळीनं पडलेली: या युजरची डेटाबेसशी ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त कनेक्शनं उघडी आहेत. स्वस्तातलं शेअर्ड होस्टिंग, तिथे एका खात्याला एका वेळी मोजकीच कनेक्शनं मिळतात. त्यांची चूक नव्हतीच; करारात लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं.

मी परत फोन केला तोवर नानांचं काम उरकलं होतं. "फळ्यावर बारा ओळी लिहिल्या, फोटो काढला नि टाकला ग्रुपवर. तू सावकाश कर तुझं."

ते "सावकाश" मला लागलं. रात्री टेबलं उघडून ओळी मोजल्या. व्याख्यानं १२, वक्ते १३ (एका दिवशी दोघे), सेटिंग्ज ७, युजर १, म्हणजे मीच. एकूण ३३ ओळी. वर्षातून एकदा बदलणाऱ्या. आणि त्यासाठी प्रत्येक वाचकामागे एक कनेक्शन.

ठरवलं, डेटाबेस काढायचा. लाराव्हेल ठेवायचं, कारण रूट (कुठल्या पत्त्यावर कोणतं पान), ब्लेडची पानं (एचटीएमएलचे साचे), फॉर्मची तपासणी, मेल हे सगळं मला त्यातच पटकन होतं. साधी एचटीएमएल पानं ठेवून मोकळी हो, असं ऑफिसातला एक जण म्हणाला. पण वक्त्यांना आगाऊ प्रश्न पाठवायचा एक फॉर्म होता आणि नानांना तो फार प्रिय होता.

डिसेंबरात वेळ मिळाला. आधी जुन्याच प्रोजेक्टवर एक प्रयोग केला: लॅपटॉपवरचं मायएसक्यूएल बंद केलं आणि पान उघडलं. पडलं. बंद डेटाबेसमुळे पडणारच, असं वाटेल, पण मी उघडलं होतं "संपर्क" पान, ज्यात पत्ता आणि नकाशा सोडून काही नाही. मग कंपोझर इन्स्टॉल चालवून पाहिलं, तर तेही पडलं! पॅकेजं उतरवायला डेटाबेस कशाला हवा?

कारण माझ्याच हातचं होतं. ॲप सर्व्हिस प्रोव्हायडरच्या (ॲपची जुळवाजुळव करणारी फाइल) बूट फंक्शनमध्ये मी एक ओळ लिहून ठेवली होती: सेटिंग्जचं सगळं टेबल आण आणि प्रत्येक पानाला वाटून दे. ती ओळ ॲप उभं राहताना दर वेळी चालते. कंपोझरचं काम संपत आलं की तो लाराव्हेलच्या आर्टिसन या साधनाची एक कमांड चालवतो, नवी पॅकेजं हुडकायला. तिच्यासाठीही ॲप उभं राहतं, म्हणून तीही डेटाबेसच्या दारात. ती ओळ काढली, सातही सेटिंग्ज एका कॉन्फिग फाइलीत टाकल्या आणि मायएसक्यूएल बंद असतानाच संपर्काचं पान सुळकन उघडलं.

इथे मला एक गोष्ट नीट कळली, जी इतकी वर्षं वापरूनही कळली नव्हती. लाराव्हेल स्वतःहून डेटाबेसला हात लावतच नाही. कनेक्शन कसं उघडायचं याचं एक फंक्शन तेवढं ते जवळ ठेवतं. पहिली क्वेरी, म्हणजे डेटाबेसला केलेली विचारणा, आली तरच ते चालतं. क्वेरी नाही तर पीडीओचं (पीएचपीचा डेटाबेसशी बोलणारा भाग) ऑब्जेक्टच बनत नाही. त्यामुळे डेटाबेसचा प्रोव्हायडर यादीतून उपटून टाका, असा जो सल्ला मिळतो, तो मी मानला नाही. तो नुसता बसून राहिला तर त्याचा खर्च जवळजवळ शून्य आहे, आणि उपटला तर उद्या एखादं पॅकेज त्याच्या नावानं रडणार.

तेव्हा काम सोपं वाटलं. क्वेऱ्या शोधा, काढा, संपलं.

अकरावी आवृत्ती मार्च २०२४ मध्ये आली होती. म्हटलं, करतेच आहे तर नव्या सांगाड्यावर करू. नवा प्रोजेक्ट तयार केला, जुन्यातली पानं आणि कंट्रोलर आणले, जुनी डॉट ईएनव्ही ही सेटिंग्जची फाइल जशीच्या तशी उचलून ठेवली आणि तिच्यातल्या डेटाबेसच्या सहाही ओळी पुसल्या. मॉडेलं (टेबलांशी बोलणारा कोड) उडवली. व्याख्यानांची यादी सीएसव्हीतून (स्वल्पविरामांनी तोडलेल्या ओळींची साधी फाइल). लॅपटॉपवर सगळं चाललं. प्रश्नाचा फॉर्मही भरून पाहिला, प्रश्न पोचला. कोड आपोआप तपासणाऱ्या टेस्ट चालवल्या, सगळ्या हिरव्या. सर्व्हरवर चढवलं, चार पानं उघडून बघितली, उत्तम. नानांना कळवलं, झालं.

दुसऱ्या दिवशी नानांचा निरोप: "प्रश्न पाठवला की पाचशे लिहून येतंय. पाचशे कसले?"

फॉर्मचं पान उघडत होतं. भरून पाठवलं की ५००, म्हणजे सर्व्हर आतच अडखळल्याचा कोड. मी तासभर फॉर्मचा कोड खालीवर वाचला, मेलच्या सेटिंग तपासल्या, फोल्डरच्या परवानग्या बदलून पाहिल्या. आजार रेड्याला, औषध पखालीला. मग, जे आधी करायला हवं होतं ते केलं, लॉग उघडला. लिहिलं होतं: अमुक ठिकाणी डेटाबेसची फाइल नाही, पूर्ण पत्ता दिला आहे का बघा. खाली क्वेरी, कॅश (तात्पुरता साठा) नावाच्या टेबलावरची. कनेक्शनचं नाव, एसक्यूलाइट, म्हणजे एका फाइलीत मावणारा डेटाबेस.

मी एसक्यूलाइट कुठेही लिहिलं नव्हतं. कॅश टेबल केलं नव्हतं. या कोडमध्ये एकही क्वेरी नव्हती.

उलगडा व्हायला रात्रीचा दीड वाजला. एकावर एक चार पदर निघाले.

पहिला पदर फॉर्मच्या रूटवरचा. कोणी उगाच शंभर प्रश्न पाठवू नयेत म्हणून मी तिथे थ्रॉटल लावला होता, मिनिटाला पाच. हा मोजणारा आपले आकडे कॅशमध्ये ठेवतो. म्हणून फक्त पाठवताना पडत होतं; बाकी पानांवर कॅशचा संबंधच नव्हता.

दुसरा पदर: कॅश फाइलीत ठेव, असं माझ्या डॉट ईएनव्हीत स्पष्ट लिहिलेलं होतं. पण त्या ओळीचं नाव होतं "कॅश ड्रायव्हर". अकराव्या आवृत्तीत ते नाव बदलून "कॅश स्टोअर" झालंय. जुन्या नावाकडे कोणी बघतही नाही आणि तसं सांगतही नाही. मग डीफॉल्ट लागू होतं, आणि अकरापासून कॅशचं डीफॉल्ट डेटाबेस आहे. सेशनचंही (प्रत्येक वाचकाची तात्पुरती आठवण) आणि क्यूचंही (मागाहून करायच्या कामांची रांग). त्या दोघांची नावं बदललेली नव्हती, जुन्या फाइलीत "फाइल" आणि "सिंक" होतं, म्हणून ते दोघे वाचले. आणि डेटाबेस कोणता? मी ओळी पुसल्या होत्या, म्हणून त्याचंही डीफॉल्ट: एसक्यूलाइट.

तिसरा पदर, लॅपटॉपवर चाललं कसं? नवा प्रोजेक्ट बनवताना लाराव्हेल स्वतःच एसक्यूलाइटची रिकामी फाइल तयार करतं आणि मायग्रेशन, म्हणजे टेबलं बनवणारा कोड, चालवून मोकळं होतं. त्यात कॅशचं टेबल असतंच. म्हणजे डेटाबेस नसलेली साइट मी माझ्या लॅपटॉपवर चक्क डेटाबेसवर चालवत होते. आणि ती फाइल गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या ठेवणारं साधन) जात नाही, त्या फोल्डरच्या गिटइग्नोअरमध्येच तशी ओळ आहे. म्हणून सर्व्हरवर ती नव्हती.

चौथा, टेस्ट हिरव्या का? टेस्ट चालवणाऱ्या पीएचपीयुनिटच्या एक्सएमएल फाइलीत टेस्टपुरती कॅश आणि सेशन दोन्ही "ॲरे", म्हणजे नुसती मेमरीत, करून ठेवलेली असतात. टेस्टनी डीफॉल्टचं तोंडही पाहिलं नव्हतं.

एका शब्दाच्या बदलानं एवढं झालं. दुरुस्तीही एका शब्दाचीच. पण माझा विश्वास उडाला होता. अजून कुठे कुठे तो दडून बसलाय, हे कसं कळणार? आर्टिसनची "अबाउट" नावाची कमांड आहे, ती ड्रायव्हरांची, म्हणजे कशासाठी काय वापरलंय याची, यादी दाखवते: कॅश, डेटाबेस, क्यू, सेशन. साइट चढवण्याआधी ती चालवली असती तर कॅशपुढे "डेटाबेस" लिहिलेलं दिसलं असतं. आता मी ती दर वेळी चालवते. पण यादी वाचायची आठवण राहायला हवी ना.

मध्ये एक वेडेपणाही करून झाला. डेटाबेसची कॉन्फिग फाइलच डिलीट केली. घ्या, आता बघू. काहीही फरक पडला नाही, एसक्यूलाइट जागेवर. अकरापासून फ्रेमवर्कच्या पोटात सगळ्या कॉन्फिगची एक मूळ प्रत असते आणि तुमच्या फाइली तिच्यावर चढवल्या जातात. तुमची नसेल तर मूळ आहेच. पुढच्या दारानं घालवलेला पाहुणा मागच्या दारानं स्वयंपाकघरात येऊन बसलेला.

शेवटी केलं ते इतकं साधं होतं की सांगायला लाज वाटते. डॉट ईएनव्हीमध्ये डेटाबेस कनेक्शनची ओळ परत आणली आणि तिच्यापुढे लिहिलं: "नको". या नावाचं कनेक्शन कॉन्फिगमध्ये नाही. त्यामुळे कोडच्या कुठल्याही कोपऱ्यातून कोणी डेटाबेस मागितला की लाराव्हेल तिथल्या तिथे ओरडतं: डेटाबेस कनेक्शन "नको" कॉन्फिगर केलेलं नाही. लॅपटॉपवर, सर्व्हरवर, टेस्टमध्ये, सगळीकडे सारखंच. एसक्यूलाइटची फाइल पुसली. टेस्टच्या एक्सएमएलमधून कॅश आणि सेशनच्या ओळी काढल्या आणि "नको" तिथेही लिहिलं. ते लावल्यावर अजून एक निघालं: वापरात नसलेल्या एका जुन्या फॉर्म रिक्वेस्टमध्ये (फॉर्म तपासणारा कोड) ईमेलवर "युनिक"चा, म्हणजे असा पत्ता आधी नसावा असा, नियम होता, आणि तो नियम म्हणजे सरळ टेबलावर क्वेरी. कधीतरी कोणीतरी ती वापरली असती आणि एप्रिलमध्ये नानांचा फोन आला असता.

आता सेशनचं. मला ते हवं होतं फॉर्मपुरतं: सीएसआरएफचं टोकन (फॉर्म आपल्याच साइटवरून आलाय याची खूण) आणि काही चुकलं तर भरलेलं परत दाखवणं. फाइलीही नकोत म्हणून मी आधी सेशन कुकीमध्ये, म्हणजे वाचकाच्याच ब्राउझरात, ठेवलं. सर्व्हरवर काहीच साठवायचं नाही, किती छान! माझ्या चाचण्यांत चाललं. मग नानांनी एक प्रश्न पाठवला. ते थोडक्यात प्रश्न विचारत नाहीत. आधी संदर्भ, मग स्वतःचं मत, मग प्रश्न. मोबाइल नंबर त्यांनी देवनागरी आकड्यांत टाकला. लाराव्हेलचा दहा आकड्यांचा नियम शून्य ते नऊ इंग्रजीच मोजतो, म्हणून तपासणीत अडकलं. तोवर ठीक. पण चूक सांगणारा संदेश दिसायच्या ऐवजी कोरा फॉर्म परत आला. ना संदेश, ना त्यांनी लिहिलेला मजकूर. त्यांनी सगळं पुन्हा लिहिलं. पुन्हा कोरा.

ब्राउझर साधारण ४ केबीपेक्षा मोठी कुकी ठेवत नाही, गुपचूप टाकून देतो. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट खातं, काना-मात्रा वेगळे मोजून. कुकीतलं सेशन हा मजकूर जेसनमध्ये (डेटा लिहायचा एक साचा) घालतं, तिथे प्रत्येक चिन्हाची सहा अक्षरांची संकेतसंख्या होते. मग एन्क्रिप्शन, त्यात दोनदा बेस-६४ (बाइट साध्या अक्षरांत लिहायची पद्धत), म्हणजे प्रत्येक वेळी आणखी एक तृतीयांश. हिशेब केला तर मराठीच्या एका चिन्हामागे दहाच्या वर बाइट. तीनेकशे चिन्हांत डबा भरला. इंग्रजीत हाच प्रश्न आरामात मावला असता, आणि माझ्या सगळ्या चाचण्या "टेस्ट टेस्ट" अशा इंग्रजीत केलेल्या.

सेशन फाइलीत नेलं. आकडेही सुधारले: तपासणीआधी देवनागरी आकडे बदलून घेते. मग दोन दिवसांनी सेशनचं फोल्डर सहज उघडलं, तर पावणेदोनशे फायली. वाचक कोणी नाही, व्याख्यानमालेला तीन महिने. साइट जिवंत आहे का हे दर मिनिटाला बघणारी एक सेवा मी लावली होती. ती कुकी ठेवत नाही, त्यामुळे प्रत्येक फेरीला नवी फाइल. दोन तासांनी जुन्या झाल्या तरी झाडू मारला जातो तो शंभरातल्या दोन विनंत्यांना, चिठ्ठी काढल्यासारखा. मरण नव्हतं त्यात, पण गर्दीच्या संध्याकाळी हे हजारांत गेलं असतं. म्हणून फॉर्म सोडून बाकी पानं लाराव्हेलच्या "वेब" नावाच्या रूटगटाच्या बाहेर काढली, जिथे सेशन सुरूच होत नाही. त्यावर लेआउट (सगळ्या पानांचा समान साचा) रुसला, एरर्स नावाचं व्हेरिएबल मिळेना. ते त्याच गटातलं एक मिडलवेअर (पानाच्या आधी चालणारा कोड) पुरवत असतं. लेआउटमधला तो तुकडा फॉर्मच्या पानात हलवला.

राहिली व्याख्यानांची यादी. नाना एक्सेलमध्ये भरतात, मला मेल करतात, मी एक कमांड चालवते. ती सीएसव्ही वाचून पीएचपीची एक ॲरेची (यादीची) फाइल बनवते. आधी वेगळ्या नावानं लिहायची, मग नाव बदलून जागेवर ठेवायची, म्हणजे अर्धवट फाइल कोणाच्या वाट्याला येत नाही. पानं तीच फाइल उचलतात.

नानांची पहिली सीएसव्ही म्हणजे नुसती प्रश्नचिन्हं, बाराही ओळी. सेव्ह करताना यादीतला यूटीएफ-८ वाला प्रकार निवडा, असं फोनवर समजावलं. दुसरी फाइल सुंदर आली, मराठी जशीच्या तशी. आणि कमांड पडली: "तारीख" नावाची की (रकान्याचं नाव) नाही. ॲरे छापली. पहिलीच की "तारीख". मी टाइप केलेली "तारीख" आणि तिथली "तारीख" शेजारीशेजारी ठेवल्या, काही फरक नाही. शेवटी लांबी मोजली. तारीख म्हणजे पाच चिन्हं, १५ बाइट. तिथे येत होते १८. एक्सेल त्या प्रकारात फाइलीच्या अगदी सुरुवातीला तीन अदृश्य बाइट ठेवतं, बॉम म्हणतात त्याला, आणि ते पहिल्या शीर्षकाला चिकटून बसले होते. ते खरवडून काढले.

गंमत म्हणजे वाचताना जे काढलं तेच लिहिताना घालावं लागलं. लोकांचे प्रश्न आता एका सीएसव्हीत ओळीखाली ओळ जातात, कुलूप लावून, म्हणजे दोघांनी एकदम पाठवले तरी ओळी एकमेकींत घुसत नाहीत. नानांनी ती फाइल उघडली तर मराठीचा नुसता काला. सुरुवातीला तेच तीन बाइट टाकल्यावर एक्सेल शहाण्यासारखं वागलं. काही लोक प्रश्नाआधी बारीक रेघ देतात. एक्सेलला ते सूत्र वाटतं आणि तिथे एरर दिसते. त्याला पुढे एक अवतरणचिन्ह लावते. ही फाइल रोज रात्री नानांच्या मेलवर जाते, तोच बॅकअप. डेटाबेस असताना माझ्याकडे बॅकअप नव्हताच, हे नानांना अजून सांगितलेलं नाही.

२०२५ च्या एप्रिलमध्ये पहिल्या व्याख्यानाला मी मुद्दाम गावी गेले. सहा वाजता नानांनी लिंक टाकली. मी हॉलच्या मागच्या खुर्चीवर फोनवर लॉग उघडून बसले होते. त्यात काहीच येत नव्हतं. सव्वासहाला बाहेर आले तर नाना फळ्यावर बारा ओळी लिहीत होते.

"नाना, साइट चालू आहे."

"असू दे की. तुझ्या साइटला कोण नाही म्हणतंय?" खडू झटकत म्हणाले, "बरं, ते राहू दे. आपलं देवघेवीचं रजिस्टर असं करता येईल का गं? अकराशे सभासद आहेत. कोणाकडे कुठलं पुस्तक, कधी नेलं, दंड किती."

मी म्हटलं, त्याला डेटाबेस लागेल.

"मग आणायचा," नाना म्हणाले. "काढलास कशाला?"